गेमला निगेटिव्ह रिव्ह्यू आला, आता काय करायचं? एकट्या-दुकट्या डेव्हलपरसाठी

रिलीजच्या रात्री झोप कुणाला येते. स्टीमवरचा (कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आमचा पहिला गेम आम्ही दोघांनी काढला, कोड माझा आणि चित्रं मित्राची, नोकऱ्या सांभाळून दोन वर्षं त्यात घातली, आणि रिलीजचं बटण दाबल्यावर पावणेदोन तासांनी पहिला रिव्ह्यू आला तो अंगठा खाली. एकच ओळ, "तिसऱ्या लेव्हलला दार उघडत नाही, पैसे परत घेतले." मी लगेच टाइप करायला बसलो, की बाबा रे ट्युटोरियल नीट वाचलंस का, किल्ली कुठे आहे ते तिथेच सांगितलंय. मित्राने लॅपटॉपचं झाकण लावलं. बरं झालं लावलं, कारण सकाळी बघितलं तर दार खरंच उघडत नव्हतं, कंट्रोलर (हातात धरून खेळायचा गेमपॅड) लावून खेळलं तर. आमच्या दोघांकडे कंट्रोलर नव्हताच, मग कळणार कसं.

त्यानंतर स्टीमवर अजून एक गेम आणि प्ले स्टोअरवर दोन असं करत करत भरपूर शिव्या खाऊन झाल्यात, त्यातून जे हाताला लागलं ते लिहितोय. मोठ्या स्टुडिओत या कामाला पगारी माणूस असतो, कम्युनिटी मॅनेजर म्हणतात त्याला. आपल्याकडे कोड लिहिणारा, ट्रेलर कापणारा, सीएला कागद पाठवणारा आणि लोकांचं ऐकून घेणारा एकच.

आधी आकडा कसा चालतो ते बघा

स्टीमवर स्टार नाहीत, अंगठा वर किंवा खाली, बस. दहा रिव्ह्यू झाले की गेमच्या नावाखाली लेबल लागतं. दहात सात चांगले असतील तर ७० टक्के, म्हणजे 'मोस्टली पॉझिटिव्ह', आणि सहा असतील तर 'मिक्स्ड'. म्हणजे सुरुवातीला एका माणसाच्या अंगठ्यावर लेबलचा रंग बदलतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात धाकधूक होते ती काही उगाच नाही. 'व्हेरी पॉझिटिव्ह' हवं असेल तर ८० टक्के आणि किमान ५० रिव्ह्यू लागतात. आणि तुम्ही मित्रांना फुकट 'की' (गेम मिळवायचे कोड) वाटल्या असतील तर त्यांचे रिव्ह्यू दिसतात पण सप्टेंबर २०१६ पासून स्कोअरमध्ये धरत नाहीत, स्टीमवर पैसे देऊन घेतलेल्यांचेच धरतात.

प्ले स्टोअरचं गणित वेगळं. तिथे २०१९ पासून अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन आहे, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या भिकार व्हर्जनचे वन-स्टार हळूहळू मागे पडतात (आणि एक वाईट अपडेट टाकलं की तितक्याच पटकन आपटता, हे पण आलंच). नोव्हेंबर २०२१ पासून फोनवर माणसाला त्याच्या देशातलं रेटिंग दिसतं. म्हणजे आपल्याकडच्या स्वस्त फोनवर गेम लटकत असेल तर आपल्याकडच्याच लोकांना कमी आकडा दिसणार, जर्मनीतल्या माणसाला कदाचित सगळं छान दिसत असेल.

हे आधी सांगितलं कारण बऱ्याच जणांना वाटतं की उत्तर दिलं की आकडा सुधारतो. नाही सुधारत. दार दुरुस्त केल्यावर पुढचे जे येतात त्यांच्याने सुधारतो. उत्तर वाचणारा माणूस वेगळाच असतो, तो विकत घ्यायच्या आधी मुद्दाम निगेटिव्ह रिव्ह्यू उघडून बघणारा. तुम्ही पण मिक्सर घेताना तेच करता की. उत्तर त्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहायचं, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

पहिल्या दिवशी बोटं आवरा

माझा नियम असा आहे की रिव्ह्यू आला की स्क्रीनशॉट काढायचा, शीटमध्ये एक ओळ टाकायची, आणि त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. अपवाद एकच, गेम सुरूच होत नाहीये किंवा सेव्ह उडतायत अशी चार-पाच लोकांची ओरड एकदम आली तर. तेव्हा "कळलंय, बघतोय" एवढं लगेच लिहायचं, ते पण एकेकाला नाही तर स्टोअर पेजवर अनाउन्समेंट टाकून.

रागात काय होतं त्याचं उदाहरण २०१४ चं आहे, पॅरानॉटिकल ॲक्टिव्हिटी नावाच्या गेमचं. गेम अर्ली ॲक्सेसमधून (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवतात ते) बाहेर आला होता तरी स्टीमच्या पहिल्या पानावर तो अर्ली ॲक्सेस म्हणूनच दिसला. चिडायला कारण होतं, नाही असं नाही. पण डेव्हलपरने चिडून ट्विटरवर वाल्व्हच्या (स्टीम चालवणारी कंपनी) मालकाला मारण्याची भाषा केली, वाल्व्हने गेमच काढून टाकला आणि त्या डेव्हलपरला स्वतःच्याच स्टुडिओतून बाहेर पडावं लागलं. लेबल दुरुस्त करायला एक ईमेल पुरला असता.

उत्तर लिहिलं तरी ते स्टोअरच्या खिडकीत लिहू नका, नोटपॅडमध्ये लिहा आणि दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, शक्यतो ज्याने गेमला हात लावलेला नाही अशा माणसाला. माझी बहीण वाचते. तिला गेमिंगमधलं काही कळत नाही पण "हे चिडून लिहिलंयस" हे तिला दुसऱ्या शब्दालाच कळतं. विशेषतः 'प्रत्यक्षात', 'मुळात' आणि 'तुमच्या माहितीसाठी' हे शब्द दिसले की ती सरळ पुसून टाकते.

नुसती ओळ वाचू नका, आजूबाजूचं वाचा

रिव्ह्यूमध्ये माणूस जे लिहितो ते निम्मं. स्टीमवर त्याच्या नावाजवळ रिव्ह्यू लिहिताना किती तास खेळला होता ते दिसतं आणि आत्तापर्यंत एकूण किती ते पण. "बोअर आहे" असं लिहिणारा चाळीस मिनिटं खेळला असेल तर त्याला सुरुवात बोअर झाली, आणि चाळीस तास खेळला असेल तर त्याला गेम संपला याचं दुःख आहे, दोन्हीला औषध वेगळं. रिव्ह्यू लिहिल्यावर अजून वीस तास खेळलेले लोक पण असतात, त्यांच्या शिव्या मी प्रेमाने वाचतो.

दोन तासांच्या अलीकडे थांबलेला दिसला तर रिफंडचा विचार करा. जून २०१५ पासून स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. परत घेताना लोक कारण निवडतात, कधीकधी दोन शब्द लिहितात, आणि ते आपल्याला स्टीमवर्क्समध्ये (स्टीमची डेव्हलपरसाठीची साइट) वाचता येतं. कितीतरी डेव्हलपर ते पान कधी उघडतच नाहीत. रिव्ह्यूपेक्षा तिथे लोक जास्त खरं लिहितात, कारण तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

प्ले कन्सोलमध्ये (प्ले स्टोअरचं डेव्हलपरसाठीचं पान) तर सोन्याची खाण आहे. रिव्ह्यू उघडला की फोन कुठला, अँड्रॉइड कुठलं, रॅम किती, ॲपचं व्हर्जन कुठलं हे सगळं सोबत येतं. "फालतू गेम, ओपनच होत नाही" असा वन-स्टार आला होता एकदा, मी मनात त्याला चार शब्द सुनावले, मग बघितलं तर फोन २ जीबी रॅमचा आणि व्हर्जन तीन अपडेट जुनं. तसे अजून सहा सापडले, सगळे त्याच रॅमचे. सुरुवातीच्या स्क्रीनवर मित्राने हौसेने टाकलेलं ते प्रचंड मोठं पार्श्वभूमीचं चित्र, त्याने गळा घोटला होता सगळ्यांचा. चित्र लहान केलं, प्रश्न मिटला. मित्र दोन दिवस बोलला नाही, ती गोष्ट वेगळी.

मग गठ्ठे करा

माझ्या शीटमध्ये एक कॉलम फक्त याचा आहे. फार नावं ठेवू नका, चार-पाच पुरतात.

बग आणि क्रॅश हा सगळ्यात सोपा गठ्ठा, माणूस कितीही घाण बोललेला असू दे. त्याने फुकटात टेस्टिंग केलंय तुमचं. यांना उत्तर द्यायचंच.

दुसरा गठ्ठा 'मला वाटलं होतं वेगळं'. हा रागाने नाही, फसवल्यासारखं वाटून लिहिलेला असतो, आणि यात शंभरात नव्वद वेळा चूक आपल्या स्टोअर पेजची असते. ट्रेलरमध्ये जे सगळ्यात भारी दिसतं ते गेममध्ये दोन मिनिटं असेल, टॅगमध्ये 'ओपन वर्ल्ड' टाकलं असेल आणि आत तीन गल्ल्या असतील, तर माणूस काय बोलणार. या रोगाचं सगळ्यात मोठं उदाहरण नो मॅन्स स्काय. इंग्लंडमधला छोटा स्टुडिओ, हॅलो गेम्स, ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि मुलाखतींमधून लोकांच्या मनात जे चित्र उभं राहिलं होतं त्यातलं बरंच काही आत नव्हतं. रिव्ह्यू पार तळाला गेले. त्यांनी जे केलं ते पुढे सगळ्यांच्या तोंडी झालं, म्हणजे तोंड बंद करून कामाला लागले, नोव्हेंबरमध्ये फाउंडेशन नावाचं मोठं अपडेट, २०१८ ला नेक्स्ट, आणि असं करत करत २०२४ मध्ये गेम एकूण रिव्ह्यूत 'व्हेरी पॉझिटिव्ह'ला पोचला. आठ वर्षं लागली. हे उदाहरण लोक "गप्प बसा, सगळं नीट होतं" म्हणून सांगतात, मला ते पटत नाही. त्यांच्याकडे पहिल्याच फटक्यात खूप कॉपी विकल्याचे पैसे होते, आठ वर्षं काम करायला तेल होतं. आपल्याकडे पुढच्या महिन्याचं भाडं असतं. आपण त्यातून एवढंच घ्यायचं की असा रिव्ह्यू आला की आधी आपलं स्टोअर पेज उघडायचं आणि जे आत नाही ते बाहेरून काढून टाकायचं, त्याच दिवशी. याला पॅच (दुरुस्तीचं अपडेट) पण लागत नाही.

किमतीच्या तक्रारी पण मी याच गठ्ठ्यात टाकतो. "दीड तासात संपला" याचं उत्तर वाद घालून देता येत नाही. २०२१ मध्ये एमिका गेम्स या एका माणसाच्या स्टुडिओने जाहीर केलं होतं की समर ऑफ फिफ्टी-एट हा त्याचा हॉरर गेम दोन तासांच्या आत संपतो म्हणून लोक पूर्ण खेळून, आवडूनही, पैसे परत घेतायत, आणि तो काही काळ गेम बनवणंच सोडतोय. वाईट वाटलं वाचून. पण आपल्या हातात आहे ते करा, पानावर पहिल्या तीन ओळींत लिहून टाका की गेम साधारण दीड तासाचा आहे. ज्याला लहान गेम हवा असतो तो तेवढ्यासाठीच घेतो.

तिसरा गठ्ठा आवडीचा. "टर्न-बेस्ड, आळीपाळीने खेळायची लढाई आवडत नाही मला." मग नको खेळू बाबा, पण हे लिहायचं नाही. काहीच लिहायचं नाही. या रिव्ह्यूला उत्तर दिलं की ते समजावल्यासारखं होतं, आणि आवड समजावून बदलत असती तर एव्हाना घरच्यांनी कारल्याची भाजी समजावली असती. फक्त एक लक्ष ठेवा, 'अवघड आहे' हा शेरा आवडीचा वाटतो पण नेहमी तसा नसतो. दहा जण वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागेला अवघड म्हणत असतील आणि सगळ्यांचे तास सारखेच असतील तर ती आवड नाही, ती भिंत आहे आणि ती तुम्हीच बांधलीय.

चौथा गठ्ठा भाषेचा, आपल्याकडे हा फार मजेशीर. आम्ही हौसेने मराठी टाकली होती गेममध्ये, मशीनकडून करून घेतलेली, आणि 'लोड गेम'चं झालं होतं 'खेळ भारित करा'. एकाने टू-स्टार देऊन विचारलं की हे कुठल्या जिल्ह्यातलं मराठी आहे. त्याला मी उत्तर दिलं की चुकलं, तुम्ही सुचवा. आठवड्याने त्याने सगळ्या मेनूचे शब्द लिहून पाठवले. क्रेडिट्समध्ये त्याचं नाव आहे, त्याला विचारून टाकलंय.

आणि शेवटचा शिव्यांचा. आई-बहिणीवरून, जातीवरून, धर्मावरून, धमक्या. याला उत्तर नाही, रिपोर्ट बटण. स्टीमवर डेव्हलपरला रिव्ह्यू फ्लॅग करता येतो, पण तो शिवीगाळीसाठी, पटत नाही म्हणून नाही; पटत नाही म्हणून फ्लॅग करत सुटलात तर वाल्व्ह काढत नाही आणि तुमचा वेळ जातो. घरच्या पत्त्यासकट धमकी आली तर मात्र स्क्रीनशॉट, लिंक, तारीख सगळं जपून ठेवा आणि नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार करा, स्वतः त्याच्याशी बोलत बसू नका.

उत्तर लिहायचं कसं

स्टीमवर तुमचं उत्तर रिव्ह्यूच्या खाली डेव्हलपरचं उत्तर म्हणून ठळक दिसतं, प्ले स्टोअरवर पण तसंच. प्ले स्टोअरला ३५० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत मात्रा, वेलांट्या, अनुस्वार युनिकोडमध्ये वेगवेगळे मोजले जातात, म्हणून मराठीत ते दोन-तीन वाक्यांतच संपतं. ते एक बरंच आहे.

सगळ्यात वाईट उत्तर शिवीचं नसतं, बँकेचं असतं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया आमच्या सपोर्ट टीमशी संपर्क साधा." कसली टीम, दोन माणसं आहात तुम्ही. हेच वाक्य ओळीने वीस रिव्ह्यूंखाली चिकटवलेलं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं की इथे कुणी वाचत नाही.

त्या दाराच्या रिव्ह्यूला आम्ही शेवटी हे लिहिलं: "कंट्रोलर जोडलेला असताना तिसऱ्या लेव्हलचं दार उघडत नव्हतं, चूक आमची, आम्ही कंट्रोलरवर तपासलंच नव्हतं. १.०.२ मध्ये दुरुस्त केलंय, आजपासून अपडेट मिळेल. आधीचा सेव्ह तसाच चालेल." इंग्रजीत लिहिलं होतं अर्थात, पण मजकूर हाच. यात बघा, त्याची तक्रार आपल्या शब्दांत परत सांगितली म्हणजे कळली हे दिसलं, चूक कुणाची ते एकदाच सांगितलं, व्हर्जन नंबर दिला, आणि दुसऱ्या वाचणाऱ्याच्या मनात जी शंका येणार (सेव्ह जाईल का) तिचं उत्तर दिलं. माफी एकदा. तीनदा मागितली की खोटी वाटते.

दुरुस्त झालं नसेल तर? मग तारीख देऊ नका. "पुढच्या आठवड्यात करतो" लिहून तीन आठवडे लागले की त्याच रिव्ह्यूखाली तुमचं खोटं कायमचं छापलेलं राहतं. "बग सापडलाय, अजून सुटला नाही, तोवर सेटिंगमध्ये जाऊन कंपन बंद केलं की पुढे जाता येतं" हे चालतं. आणि करणार नसाल तर तेही सांगा. मल्टिप्लेअर मागतात लोक, सारखा मागतात. "दोघेच आहोत, यात मल्टिप्लेअर येणार नाही" असं लिहिल्यावर एकानेही शिवी दिली नाही मला, "विचार करू" लिहायचो तेव्हा मात्र दर महिन्याला विचारायला यायचे.

मोबाइलवर ॲडची तक्रार म्हणजे रोजचा पाऊस. इथे "गेम फ्री आहे, आम्हालाही पोट आहे" हे लिहायचा फार मोह होतो, आणि ते खरं पण आहे, पण ठाणे ते दादर लोकलमध्ये एका हाताने खेळणाऱ्या माणसाला तुमच्या पोटाशी काय घेणं. आम्ही प्रत्येक लेव्हलनंतरची ॲड चार लेव्हलनंतर केली आणि उत्तरात तेवढंच लिहिलं. कमाई पडली, आणि पूर्ण कधी भरून आली नाही, खोटं कशाला सांगू. पण ॲडवरून येणारे वन-स्टार जवळपास थांबले, आणि मला तो सौदा मान्य होता, तुम्हाला नसेल तर नका करू, फक्त मग उत्तरही देऊ नका.

समोरच्याला 'तुम्ही' म्हणायचं, तो उघड उघड सातवीतला पोरगा असला तरी. रोमन लिपीत मराठी लिहिलं असेल तर मी देवनागरीत उत्तर देतो, कुणाची तक्रार नाही. चिनी, रशियन, पोर्तुगीज रिव्ह्यू मशीनने वाचून मशीननेच उत्तर द्यावं लागतं, तेव्हा वाक्यं आखूड ठेवायची, विनोद करायचा नाही, आणि हे भाषांतर मशीनचं आहे हे सांगून टाकायचं.

रेटिंग बदला असं म्हणायचं नाही. प्ले स्टोअरवर तुम्ही उत्तर दिलं की त्या माणसाला ईमेल जातं, त्याला वाटलं तर तो येऊन बदलतो. "फिक्स केलंय, बघून सांगा" एवढं पुरे. बदल्यात नाणी, हिरे, प्रो व्हर्जन देऊ केलंत तर ते सरळ नियमाबाहेर आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपला लिंक टाकायच्या आधी

हे आपल्याकडे सगळे करतात म्हणून वेगळं लिहितोय. रेटिंग पडलं की फॅमिली ग्रुपवर लिंक जाते, आणि मावशी, काका, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे फाइव्ह-स्टार देऊन लिहितात, "खूप छान गेम बेटा, प्रगती करत राहा." एका दिवसात बावीस, सगळे एकाच शहरातले, कुणी गेम उघडलेलाही नाही. वाचणाऱ्याला लांबून कळतं, आणि स्टोअरवाल्यांनाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये इन्सेल गेम्स नावाच्या कंपनीच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना ईमेल केलं होतं की आपला गेम विकत घ्या आणि रिव्ह्यू टाका, ते ईमेल बाहेर फुटलं आणि वाल्व्हने त्यांचे सगळे गेम स्टीमवरून काढले. मावशीला सांगा गेम खेळ, आणि कुठे अडकलीस ते फोन करून सांग. माझ्या मावशीने पॉज बटण अंगठ्याखाली येतं हे शोधून काढलं, कुठल्याच रिव्ह्यूत नव्हतं ते.

एकदम पन्नास आले तर

एकेक रिव्ह्यू वेगळा आणि लाट वेगळी. लाट आली की आधी शोधायचं कशामुळे आली. आपण काही बदललं का? की गेमच्या बाहेरचं काही आहे?

आपण बदललं असेल तर डार्केस्ट डंजन या गेमचा किस्सा लक्षात ठेवा. रेड हूक, कॅनडातला छोटा स्टुडिओ, २०१५ मध्ये गेम अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि उन्हाळ्यातल्या एका अपडेटमध्ये त्यांनी दोन गोष्टी टाकल्या: मेलेल्या शत्रूचं प्रेत जागा अडवून पडून राहतं, आणि ताण फार वाढला की आपल्या हिरोला हार्ट अटॅक येतो. लोक खवळले, महिनोन्‌महिने शिकलेले डाव एका रात्रीत मोडले. त्यांनी त्या गोष्टी काढल्या नाहीत आणि लोकांना चूकही ठरवलं नाही, सेटिंगमध्ये दोन्ही बंद करायची सोय दिली. आपलं म्हणणं गेममध्ये ठेवलं आणि ज्याला नको त्याला दार दिलं. मला हे फार आवडतं, कारण बहुतेक वेळा आपण एक तर हट्ट धरतो नाहीतर घाबरून सगळंच मागे घेतो आणि मग ज्यांना ते आवडलं होतं ते ओरडतात.

बाहेरचं कारण असेल तर त्याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. सप्टेंबर २०१७ मध्ये फायरवॉच या गेमच्या डेव्हलपरने एका मोठ्या यूट्यूबरच्या वंशद्वेषी शब्दावरून त्याचा फायरवॉचचा व्हिडिओ कॉपीराइटखाली काढायला लावला, आणि गेमचं पान त्या भांडणाच्या रिव्ह्यूंनी भरलं. त्याच महिन्यात वाल्व्हने रिव्ह्यूंचा आलेख दाखवायला सुरुवात केली, आणि मार्च २०१९ पासून असा काळ 'विषयाबाहेरचा' ठरवून स्कोअरमधून वगळतात, रिव्ह्यू मात्र दिसत राहतात. तेव्हा अशा वेळी एकेकाला उत्तर देत सुटू नका. एक अनाउन्समेंट, तीन-चार परिच्छेद, काय झालं आणि आपण काय करणार, आणि टीममधल्या एकानेच बोलायचं. दुसऱ्याने आपल्या खाजगी अकाउंटवरून "काही लोकांना फुकट सगळं हवं" असली पोस्ट टाकली की तुमची अनाउन्समेंट गेली पाण्यात. डिस्कशन बोर्डवर आपण मॉडरेटर असतो, पण टीकेचे धागे उडवायचे नाहीत, एक पिन करा आणि बाकी त्यात जोडा. उडवलेल्याचा स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतोच.

वकील, कॉपीराइट, केस

नाही. एवढंच लिहून सोडणार होतो पण दोन ओळी लिहितो. २०१३ मध्ये डे वन: गॅरीज इन्सिडंट या गेमच्या स्टुडिओने एका समीक्षकाचा टीकेचा व्हिडिओ कॉपीराइटचा दावा करून यूट्यूबवरून उतरवला, एवढी बोंब झाली की दावा मागे घ्यावा लागला, आणि तो गेम आज लोकांना आठवतो तो याच कारणासाठी. डिजिटल होमिसाइड नावाचे स्टुडिओवाले तर पुढे गेले, २०१६ मध्ये एका समीक्षकावर केस टाकलीच होती, वर स्टीमच्या शंभर युजरवर १.८ कोटी डॉलरचा दावा लावला. वाल्व्हने त्यांचे सगळे गेम काढून टाकले, केसमधून काही हाती लागलं नाही. त्या शंभर जणांचं लिहिणं किती जणांनी वाचलं असतं एरवी?

रोजची सवय

मी रिव्ह्यू आठवड्यातून दोनदा वाचतो, मंगळवार आणि शुक्रवार, जेवणानंतर. फोनवरचं नोटिफिकेशन बंद. रिलीजचे पहिले पाच दिवस रोज, पण सकाळीच, रात्री नाही, रात्री वाचलेला एक अंगठा खाली पहाटे तीनपर्यंत छातीवर बसतो. मित्र चित्रं काढतो त्याला मी चित्रांवरच्या शिव्या तशाच वाचून दाखवत नाही, मुद्दा काढून देतो, आणि तो माझ्या कोडवरच्या शिव्यांचं तेच करतो. महिन्याच्या शेवटी शीटमधला जो गठ्ठा सगळ्यात जाड असेल ते पुढच्या अपडेटचं पहिलं काम. फिक्स झालं की ज्या-ज्या रिव्ह्यूखाली "बघतोय" लिहिलं होतं तिथे परत जाऊन उत्तर एडिट करायचं, हे काम कंटाळवाणं आहे आणि निम्मे डेव्हलपर इथेच गळतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा लोकांनी त्याच्या चित्रांचं कौतुक केलं आणि लढाईला नाकं मुरडली, तर त्यांनी पुढे सुधारलेली एडिशनच काढली, हिंदी आवाजासकट. एवढं प्रत्येकाला झेपेल असं नाही, पण उत्तर एडिट करणं झेपतं.

काही अंगठे वर होत नाहीत. त्या पहिल्या रिव्ह्यूचा अजून खालीच आहे, पैसे परत घेतलेला माणूस पुन्हा कशाला येतोय. त्याच्याखाली आमचं उत्तर आहे, आणि तो रिव्ह्यू अकरा जणांना 'हेल्पफुल' वाटलाय. कंट्रोलर मात्र आम्ही दुसऱ्याच दिवशी घेतला, सेकंडहँड. त्याची डावी स्टिक जरा ढिली आहे, आपोआप डावीकडे ओढते, टेस्टिंगला उलट बरी पडते.